फोर्ड ट्रान्झिट : एवढी साधी व्हॅन साठ वर्षं कशी टिकली?

स्वेदलिंगकर

नमस्कार मंडळी,

साउदॅम्प्टनच्या उत्तरेला स्वेदलिंग म्हणून भाग आहे. माझं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. विमानतळाला लागून इथे फोर्डचा कारखाना होता. २६ जुलै २०१३ ला त्यातून शेवटची ट्रान्झिट बाहेर पडली आणि दार बंद झालं. आमच्या गल्लीतले एक आजोबा तिथे रंगकामाच्या विभागात नोकरीला होते. रस्त्यातून ट्रान्झिट गेली की ते अजूनही मान वळवून बघतात. नुसतं बघून सांगतात, ही आमची आणि ही तुर्कस्तानची.

त्यांच्यामुळे मला या व्हॅनचा नाद लागला. थोडक्यात सांगतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डची दोन वेगळी घरं होती, एक ब्रिटनमध्ये आणि एक जर्मनीत. ब्रिटनची व्हॅन थेम्स ४००ई, जर्मनीची टाउनुस ट्रान्झिट. एकाच आडनावाचे दोन भाऊ एकाच बाजारात शेजारी शेजारी दुकान मांडून बसावेत तसा प्रकार. मग दोघांनी मिळून एकच व्हॅन करायचं ठरलं. त्या कामाचं नाव 'प्रोजेक्ट रेडकॅप'. पहिली गाडी ९ ऑगस्ट १९६५ ला स्लाऊजवळच्या लँगली कारखान्यातून निघाली आणि ऑक्टोबरमध्ये विक्री सुरू झाली. मागणी इतकी वाढली की १९७२ मध्ये सगळं काम साउदॅम्प्टनला हलवावं लागलं. १९७६ मध्ये दहा लाख, १९८५ मध्ये वीस लाख, २००५ मध्ये पन्नास लाख.

मला प्रश्न पडतो तो असा. दिसायला ही चारचौघींसारखी. त्या काळी ब्रिटनमध्ये बेडफर्ड, कॉमर, मॉरिस, ऑस्टिन, स्टँडर्ड अशा अर्धा डझन कंपन्यांच्या व्हॅन होत्या. त्या सगळ्या गेल्या. हीच का राहिली? माझं मत : ड्रायव्हरला माणूस समजून बनवलेली ती पहिली व्हॅन होती. तुम्हाला काय वाटतं?

गावठी_मेकॅनिक

वाचनखूण साठवली. रात्री सविस्तर लिहितो.

अनघा_लेस्टर

मस्त धागा. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण इथे पहिल्यांदा घर बदललं तेव्हा भाड्याने ट्रान्झिटच घेतली होती. नवरा म्हणाला, "दोन खेपा होतील." एका खेपेत सगळं मावलं. पलंग, फ्रिज, पुस्तकांची चौदा खोकी आणि सासूबाईंनी दिलेला पाटावरवंटा. वर मांडीवर देवघर घेऊन मी पुढे बसले.

कोथरूडचा_बाळ्या

+१. पाटावरवंटा लेस्टरला नेणाऱ्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

आबा_लूटन

स्वेदलिंगकर, विषय काढलात ते बरं केलंत. मी १९७१ साली या देशात आलो आणि लूटनमध्ये एका छोट्या गॅरेजात कामाला लागलो. लूटन म्हणजे बेडफर्डचं गाव. म्हणून आधी बेडफर्डची बाजू मांडतो, कारण ती मांडणारं आता फारसं कुणी उरलं नाही.

बेडफर्ड सीए १९५२ ला आली आणि १९६९ पर्यंत निघत होती. सतरा वर्षं. ट्रान्झिट येण्याआधी ब्रिटनच्या रस्त्यावर व्हॅन म्हटलं की हीच. बोथटलेलं छोटं नाक आणि दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. पाववाला, दूधवाला, आइस्क्रीमवाला, सगळे दरवाजा उघडा टाकूनच चालवायचे, कारण दर दहा घरांनी उतरायचं असे. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टरवाल्यांनी तिच्यावर छप्पर उचलून झोपायची सोय असलेली 'डॉर्मोबिल' केली. मग शनिवारी-रविवारी कामगार माणूसही बायकामुलांना घेऊन समुद्रावर जाऊ लागला. ड्रायव्हरला माणूस समजणारी पहिली व्हॅन ट्रान्झिट, हे मला म्हणूनच मान्य नाही. सीए आधीची.

पण एक कबूल करतो. त्या काळच्या बहुतेक व्हॅनमध्ये इंजिन पूर्ण किंवा अर्धं केबिनमध्ये घुसलेलं असे. ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्यामध्ये पत्र्याचं झाकण आणि खाली धगधगती भट्टी. हिवाळ्यात बरं वाटायचं. उन्हाळ्यात डावी मांडी भाजायची. आम्हाला काम करायचं तर आत शिरून, सीट काढून, वाकडं होऊन करावं लागे. पहिल्यांदा ट्रान्झिट गॅरेजला आली तेव्हा आमचा मालक बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसता उभा राहिला. मला म्हणाला, "आता तुझी कंबर वाचली."

स्वेदलिंगकर

आबा, हे मी कुठेच वाचलं नव्हतं. सीएबद्दलचं म्हणणं मान्य. माझं वाक्य दुरुस्त करतो : 'पहिल्या काही व्हॅनपैकी एक'.

गावठी_मेकॅनिक

आता सविस्तर. आबांच्या बॉनेटच्या मुद्द्यातच सगळी मेख आहे.

व्हॅन बनवणाऱ्यापुढे कायम एकच भांडण असतं, लांबी कुणाला द्यायची. इंजिन नाकात ठेवलं तर हौदा आखूड होतो. इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी ठेवलं तर हौदा लांब मिळतो, पण केबिनची भट्टी होते आणि माणूस थेट पुढच्या चाकावर बसतो. खड्डा आला की आधी पाठीचा मणका, मग गाडी.

ट्रान्झिटने यातून वाट काढली ती व्ही४ इंजिनाने. चार सिलिंडर एका ओळीत न ठेवता दोन-दोनच्या जोड्या तिरक्या मांडल्या की इंजिनाची लांबी खूप कमी होते. ब्रिटनमध्ये १.७ आणि २ लिटरची ही इंजिनं बसवली. त्यामुळे आखूड नाकात इंजिन मावलं आणि ते ड्रायव्हरच्या पुढे गेलं. हौदा शाबूत राहिला, केबिन मोकळी झाली.

याला पुरावा डिझेल ट्रान्झिटचा. डिझेलसाठी पर्किन्सचं सरळ चार सिलिंडरचं इंजिन घेतलं होतं. ते त्या नाकात मावेना, म्हणून डिझेल गाडीला पुढे वेगळं लांब थोबाड जोडावं लागलं. जुने फोटो पाहा, पेट्रोलची गाडी चपट्या नाकाची आणि डिझेलची मुस्कट काढलेली. गाडी समोरून येताना दिसली की टाकीत काय आहे ते लांबूनच कळायचं! १९७८ मध्ये व्ही४ गेलं, सरळ इंजिन आलं, तेव्हा सगळ्यांचीच नाकं लांब झाली.

दुसरी गोष्ट रुंदी. त्या काळच्या ब्रिटिश व्हॅन अंगाने अरुंद, गल्लीबोळांच्या मापाच्या. कॉमरची चाकं तर इतकी आत घेतलेली असत की मोठ्या माणसाने लहान मुलाची चप्पल घातल्यासारखी ती दिसे. ट्रान्झिट रुंद केली, चाकं बाहेर काढली. ती रस्त्यावर घट्ट बसली आणि मोटरवेवर घाबरवेनाशी झाली. एम१ या मोटरवेचा पहिला मोठा टप्पा १९५९ चा. म्हणजे रस्ता बदलला होता आणि बाकीच्या व्हॅन अजून जुन्या रस्त्याच्याच होत्या. मला विचाराल तर उत्तर हे आहे.

खाली मात्र काही नवलाई नव्हती. पुढेमागे पाट्याच्या स्प्रिंगा, सरळ आस, मागच्या चाकांना ताकद. आपल्याकडच्या कुठल्याही टेम्पोच्या मिस्त्रीला डोळे मिटून दुरुस्त करता यावी अशी.

वैदर्भी

गाडी विषयात मला कधी रस वाटेल असं वाटलं नव्हतं. मांडीवरच्या भट्टीपासून मोटरवेपर्यंत एका दमात वाचलं.

इतिहासप्रेमी_नाशिक

एक मूलभूत शंका. फोर्ड अमेरिकन. अर्धं काम जर्मनांचं. मग हिला ब्रिटिश व्हॅन का म्हणायचं?

आबा_लूटन

मग बेडफर्डही ब्रिटिश नाही. बेडफर्ड म्हणजे व्हॉक्सहॉल, आणि व्हॉक्सहॉल १९२५ पासून जनरल मोटर्सची. कॉमर रूट्स कुटुंबाची होती, ती १९६७ पर्यंत क्रायस्लरच्या ताब्यात गेली. मालकाच्या पासपोर्टवरून जात लावायची म्हटलं तर बीएमसी (ऑस्टिन आणि मॉरिसची कंपनी) आणि स्टँडर्ड सोडून फारसं काही उरत नाही.

इतिहासप्रेमी_नाशिक

आबा, हे तर्काला धरून आहे. पण मग ब्रिटिश कशाला म्हणायचं? घाम गाळणाऱ्यावरून?

स्लाऊची_सून

होय, घामावरूनच! माझे सासरे लँगलीच्या कारखान्यात होते. ती जागा फोर्डकडे येण्याआधी हॉकर कंपनीची होती. महायुद्धात तिथे हरिकेन विमानं बनत, अगदी शेवटचं हरिकेनही १९४४ मध्ये तिथलंच. विमानाच्या जागी ट्रक आणि व्हॅन आल्या. साउदॅम्प्टनच्या कारखान्याची जागाही आधी विमानाच्या कामाचीच होती ना, स्वेदलिंगकर? ज्या शेडमध्ये लढाईचं सामान झालं तिथेच पुढे सुतार, गवंडी, प्लंबर यांची पोट भरायची गाडी झाली. मला हे फार आवडतं.

सासऱ्यांची एक आठवण. त्यांच्या तुकडीत वेस्ट इंडीजचे, पंजाबचे, आयर्लंडचे, सगळे. जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या डब्यात काय यावरून रोज चर्चा. सासूबाईंची शेंगदाण्याची चटणी आयरिश मंडळींत इतकी प्रसिद्ध झाली की शुक्रवारी वेगळा डबा जायचा.

स्वेदलिंगकर

हो, कन्लिफ-ओवेन यांचा विमानांचा कारखाना होता. १९४० मध्ये त्यावर बॉम्बही पडले.

कोथरूडचा_बाळ्या

शेंगदाण्याच्या चटणीवर वेगळा धागा काढा, ही नम्र विनंती.

मद्रासी_मराठी

स्टँडर्डचं नाव निघालंच आहे तर एक आपल्या देशाशी जोडलेली गोष्ट.

स्टँडर्ड कंपनीने १९५८ मध्ये 'अॅटलस' नावाची व्हॅन काढली. दिसायला गोड, पण इंजिन फक्त ९४८ सीसीचं, छोट्या मोटारीतून उचललेलं. माल भरून चढ आला की जीव कासावीस व्हायचा. पुढे मोठं इंजिन दिलं, कंपनी लेलँडकडे गेली, नावं बदलली, पण तोवर उशीर झाला होता. १९६८ च्या सुमारास ब्रिटनमधलं उत्पादन थांबलं आणि तिचे साचे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सकडे आले. आपल्याकडे ती 'स्टँडर्ड २०' म्हणून पुढे अनेक वर्षं धावली. माझं लहानपण मद्रासच्या मांबळम भागात गेलं. आमच्या शाळेची गाडी तीच होती. जी व्हॅन तिच्या मायदेशात ट्रान्झिटपुढे टिकली नाही, तिने आमच्या शाळेतल्या पोरांना रोज वेळेवर पोचवलं.

गावठी_मेकॅनिक

वा! आणि यावर कडी करणारी गोष्ट माझ्याकडे आहे.

आपला 'टेम्पो' शब्द कुठून आला ते बहुतेकांना माहीत असेल. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचा टेम्पो, तो फिरोदियांनी बजाजबरोबर भारतात आणला. आधी गोरेगावला, मग आकुर्डीला. तीनचाकी हॅन्सियट, पुढे चारचाकी मॅटाडोर. मराठीत मालवाहू गाडीला टेम्पो म्हणायची सवय तिथून लागली.

तर याच जर्मन टेम्पोची चारचाकी व्हॅन १९५८ पासून काही वर्षं ब्रिटनमध्येही बनत होती! वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कंपनीने परवाना घेतला होता, 'जेन्सन टेम्पो' या नावाने. जेन्सन म्हणजे महागड्या स्पोर्ट्स कार करणारे लोक. इंजिन ऑस्टिनचं, पुढच्या चाकांना ताकद, त्यामुळे मागचा हौदा एकदम जमिनीलगत. गुडघाभर उंचीवर माल चढवा. फारशी खपली नाही. पण आकुर्डीच्या मॅटाडोरची एक आतेबहीण इंग्लंडात नांदत होती, हे नक्की.

पिंपरीकर_आजी

मॅटाडोरचं नाव वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे आकुर्डीला होते. १९८६ मध्ये आमच्या मुलीचं लग्न झालं, वऱ्हाड दोन मॅटाडोरमधून जुन्नरला नेलं. धाग्याशी संबंध नाही, क्षमस्व.

स्वेदलिंगकर

आजी, क्षमा कसली. मला ट्रान्झिटबद्दल जे वाटतं तेच तुम्ही लिहिलंत. अशा गाड्या आपल्या स्वतःच्या नसतात, पण आपल्या आयुष्यातले मोठे दिवस त्यांच्यातून जातात.

रात्रपाळी

दरोड्यांचं कुणीच काढलं नाही? १९७२ मध्ये लंडनच्या पोलिसांनी सांगितलं होतं की बँकांवरच्या दरोड्यांपैकी ९५ टक्क्यांमध्ये ट्रान्झिट वापरली जाते. मोटारीसारखा वेग, मागे भरपूर जागा आणि गर्दीत कुणी ढुंकूनही बघणार नाही असा चेहरा. पोलिसांकडेही ट्रान्झिटच. म्हणजे पुढे ट्रान्झिट, मागे ट्रान्झिट.

आणि १९७१ मध्ये फोर्डने गंमत म्हणून एक 'सुपरव्हॅन' केली. वरून ट्रान्झिट, आतून जीटी४० या शर्यतीच्या गाडीची यंत्रणा. ब्रँड्स हॅचच्या शर्यतीच्या मैदानावर ती पळवली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली असणार.

अनघा_लेस्टर

"पुढे ट्रान्झिट, मागे ट्रान्झिट" वाचून चहा सांडला.

आबा_लूटन

एक राहिलं. 'लूटन व्हॅन' हा शब्द इथे राहणाऱ्यांनी ऐकला असेल. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा काढलेली पेटीसारखी व्हॅन, घरसामान हलवायला घेतात ती. लूटन हे टोप्या बनवणारं गाव होतं. टोप्यांना वजन नाही, पण जागा भरपूर लागते. म्हणून केबिनच्या वरची जागाही वाया न घालवता माळा काढला. आता माळा ट्रान्झिटवर असला तरी नाव आमच्या गावाचंच.

इतिहासप्रेमी_नाशिक

ही माहिती लाखमोलाची. आबा, तुम्ही वेगळं लिहा हो.

बाकी मूळ प्रश्नाकडे येतो. व्ही४ आणि रुंदी हे १९६५ चं उत्तर झालं. पण बेडफर्डनेही १९६९ मध्ये सीएफ काढली, तीही रुंद आणि चांगली होती असं वाचलं आहे. लेलँडने १९७४ मध्ये शेर्पा आणली. मग ट्रान्झिट नंतरही पुढे कशी राहिली?

गावठी_मेकॅनिक

शेर्पाचं सांगतो. तिच्या पोटात बीएमसीची जुनी जे४ व्हॅन होती, त्यामुळे अंग अरुंदच राहिलं. कंपनीकडे पैसा नव्हता, होतं त्यालाच ठिगळं लावत गेले. पुढे तिचा बर्मिंगहॅमचा कारखाना एलडीव्ही नावाच्या कंपनीचा झाला, ती २००९ मध्ये बुडाली. तिच्या शेवटच्या मॅक्सस व्हॅनचे हक्क चीनच्या साइककडे गेले. आज ब्रिटनमध्ये मॅक्सस नावाच्या विजेवरच्या व्हॅन दिसतात त्या चीनमधून येतात. बर्मिंगहॅमच्या कामगारांना ते नाव रस्त्यावर बघून काय वाटत असेल!

सीएफ चांगली होती, पण १९८८ पर्यंत तीच रेटली. ट्रान्झिटने मात्र दर वेळी मुळापासून विचार केला. १९८४ मध्ये २.५ लिटरचं थेट इंधन फवारणारं डिझेल दिलं, डिझेलचा खर्च उतरला. १९८६ मध्ये अंग पूर्ण नवं, नाक आणि काच एका रेषेत. २००० मध्ये तर एकाच व्हॅनमध्ये पुढच्या चाकांना ताकद की मागच्या, हे घेणाऱ्याने ठरवायचं. वजन ओढायचं तर मागच्या, हौदा खाली हवा तर पुढच्या.

आणि प्रकार किती! आखूड, लांब, उंच, मागे दुहेरी चाकं, नुसती चेसिस, रुग्णवाहिका, मिनीबस. कुणाचाही धंदा असो, त्याच्या मापाची एक ट्रान्झिट असायचीच.

स्वेदलिंगकर

पटलं. आणि तरी कारखाना बंद झाला, हे सगळ्यात बोचतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये घोषणा झाली. तुर्कस्तानात कोजाएलीचा कारखाना मोठा, खर्च कमी. इथे वीस लाखांहून जास्त गाड्या झाल्या होत्या. आमच्या आजोबांचं म्हणणं, "गाडी चालेना म्हणून कारखाना बंद पडला असता तर समजलं असतं. गाडी तर सगळ्यात जास्त खपत होती." यावर मला आजवर उत्तर देता आलं नाही.

गंमत बघा, अमेरिकन कंपनीची ही मोठी व्हॅन खुद्द अमेरिकेत विकायला २०१४ उजाडलं.

स्लाऊची_सून

सगळंच गेलं असं नका म्हणू. डॅगनहॅमला तिची डिझेल इंजिनं होतात, एसेक्समधल्या डंटनला आरेखन होतं आणि विजेवरच्या ट्रान्झिटसाठी मर्सीसाइडच्या हेलवुड कारखान्याने कंबर कसली आहे. जुळणी तिकडे, पण घाम अजून थोडा इथला आहे.

ठाणेकर_रेडिंग

एक व्यावहारिक प्रश्न, जाणकारांनी मदत करा. आमच्या मंडळाचा गणपती या वर्षी साडेचार फुटी आहे. शिवाय मखर, सतरंज्या, ढोल सहा. भाड्याने व्हॅन घ्यायची आहे. कोणती? आणि साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते का? गेल्या वर्षी एका भाड्याच्या कंपनीने ऐन वेळी लहान गाडी हातात ठेवली, ढोल लोकांच्या मोटारींतून न्यावे लागले. पुन्हा ती वेळ नको.

गावठी_मेकॅनिक

साध्या परवान्यावर साडेतीन टन एकूण वजनापर्यंत चालते. लांब हौद्याची, उंच छपराची ट्रान्झिट घ्या. माणसं मिनीबसमधून नेणार असाल तर तिचे नियम वेगळे आहेत, १ जानेवारी १९९७ नंतर परवाना काढलेल्यांनी आधी नीट तपासा.

वेगमर्यादा लक्षात ठेवा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला ६० मैल, पण अशा व्हॅनला ५०. दुभाजकाच्या रस्त्यावर ६०. माझ्या एका मित्राला हे माहीत नव्हतं, घरी पत्र आलं.

आबा_लूटन

मूर्ती असेल तर पेटीवाली लूटन घ्या, मागे उचलणारी फळी असलेली. मूर्ती हातावर उचलून चढवायची नाही, फळीवर ठेवायची आणि बटण दाबायचं. आत गाद्या घाला, चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधा, पण पट्टा मूर्तीच्या हाताला किंवा सोंडेला लागू देऊ नका. एक माणूस गाडीच्या मागे मोटारीने येऊ द्या. आणि चालवणाऱ्याला सांगा, वळणावर हळू. माळा उंच असतो, वारा लागतो, पेट्रोल पंपाच्या छपराखाली आणि झाडांखाली जपून. उंची आरशाजवळ लिहून चिकटवा.

ठाणेकर_रेडिंग

आबा, मनापासून आभार. लूटनच घेतो. मंडळाच्या लोकांना तुमचा प्रतिसाद छापून देतो.

पिंपरीकर_आजी

बाप्पाला सांभाळून न्या रे पोरांनो. आणि फोटो टाका.

स्वेदलिंगकर

ठाणेकर, कुठली गाडी मिळाली तेही लिहा. २०१३ च्या आधीची ट्रान्झिट असेल तर मी आजोबांना दाखवायला रेडिंगला घेऊन येतो, आरतीच्या वेळेला.